हात लहान की मूठ मोठी?



"तुझे हात फार लहान आहेत. नेमबाजी हे तुझे काम नव्हे." हे वाक्य तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. शाळेच्या मैदानावर, एन.सी.सी.च्या निवडीच्या वेळी किंवा घरच्या गप्पांत ते अगदी सहज बोलले जाते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. पण ते वाक्य ऐकलेली मुलगी किंवा लहान चणीचा मुलगा पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून या वाक्याची शास्त्राच्या कसोटीवर तपासणी करणे मला आवश्यक वाटते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हे वाक्य अर्धवट आहे, आणि अर्धवट वाक्य शास्त्रात चुकीचेच धरावे लागते. हात 'लहान' आहे असे म्हणताना तो कशाच्या मानाने लहान, हे सांगायला हवे. एक मीटर लांब आहे की आखूड, या प्रश्नाला काही अर्थ आहे का? तसेच हे आहे. हात लहान ठरतो तो विशिष्ट मुठीच्या मानाने. मग दोहोंपैकी बदलायचे काय? हात तर बदलता येत नाही. मूठ मात्र बदलता येते.

ही गोष्ट आपल्या कासाराला पूर्वापार ठाऊक आहे. बांगड्या भरायला बसलेल्या बाईचा हात तो दाबून पाहतो आणि 'दोन-चार' किंवा 'दोन-सहा' असे माप पुकारतो. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार-सोळांश इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर व्यास. दोन-सहा म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर. दोहोंत फरक जेमतेम तीन मिलिमीटरांचा. पण तेवढ्याने बांगडी एक तर चढत नाही, नाहीतर हातातून निसटते. "तुमचा हात लहान आहे, बांगड्या हे तुमचे काम नव्हे" असे म्हणणारा कासार तुम्ही कधी पाहिला आहे काय? तो उठतो आणि दुसरा डबा उघडतो.

नेमबाजीच्या पिस्तुलाबाबत आपण नेमका हा दुसरा डबा उघडायला विसरतो.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. येथे मी जे लिहीत आहे ते क्रीडा-नेमबाजीविषयी, म्हणजे मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आणि कायद्याच्या चौकटीत खेळल्या जाणाऱ्या खेळाविषयी आहे. पिस्तूल हे खेळणे नव्हे. ते रिकामे आहे असे कोणी सांगितले तरी त्याचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवायचे नाही आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही, हे या खेळाचे पहिले दोन धडे आहेत.

पाव मिलिमीटरचा हिशेब

दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार घेऊ. याच प्रकारात मनू भाकर हिने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. खेळाडू एका हाताने पिस्तूल धरतो. दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही. समोर दहा मीटरवर लक्ष्य असते. त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा असतो. छऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर. छरा वर्तुळाच्या रेषेला नुसता शिवला तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून किती दूर गेला तर चालेल? वर्तुळाची त्रिज्या ५.७५ आणि छऱ्याची त्रिज्या २.२५ यांची बेरीज, म्हणजे ८ मिलिमीटर.

आता दहा मीटर म्हणजे १०,००० मिलिमीटर. आठ भागिले दहा हजार, म्हणजे ०.०००८ रेडियन. एवढा कोन चुकला तरी चालेल, जास्त नाही. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांत सुमारे ३२० मिलिमीटर अंतर असते असे धरा. ३२० ला ०.०००८ ने गुणा. उत्तर आले ०.२५६ मिलिमीटर. म्हणजे चाप दाबला जात असताना माशी खाचेच्या मानाने साधारण पाव मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी सरकली, की दहाचे नऊ झाले!

ही पाव मिलिमीटरची शिस्त कोणाच्या हातात असते? डोळ्याच्या नव्हे, दंडाच्याही नव्हे. ती असते तर्जनीच्या पहिल्या पेरात.

बोट, चाप आणि स्पर्शज्या

एअर पिस्तुलाचा चाप ओढायला निदान ५०० ग्रॅम वजनाइतके बल लागलेच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम आहे. हे बल सरळ मागे, नळीच्या रेषेत लागले तर पिस्तूल हलत नाही. ते तिरके लागले तर काय होईल?

बलाचे दोन घटक करा. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे जमेल. मागच्या दिशेचा घटक ५०० ग्रॅम हवाच. बोट सरळ रेषेपासून १५ अंशांनी तिरके ओढत असेल, तर आडवा घटक ५०० गुणिले १५ अंशांची स्पर्शज्या, म्हणजे सुमारे १३४ ग्रॅम. तिरकेपणा ३० अंश झाला तर २८९ ग्रॅम. ज्या पिस्तुलाला पाव मिलिमीटर हलायची मुभा नाही, त्याला आपणच बाजूने दीडशे-तीनशे ग्रॅमचा रेटा देत आहोत. तोही मनगटापासून चांगला आठ-दहा सेंटिमीटर पुढे, म्हणजे तरफेच्या लांब बाजूला. नेम कसा टिकणार?

बोट तिरके का जाते? येथे हाताचे माप येते. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात मुठीची पाठ बसते. बेचक्यापासून चापापर्यंतचे अंतर हे मुठीचे सर्वांत महत्त्वाचे माप. ते योग्य असेल तर तर्जनीच्या पहिल्या पेराच्या गादीचा मध्य चापावर येतो आणि बोट सरळ मागे येते. ते अंतर जास्त असेल तर लहान हाताच्या खेळाडूचे केवळ टोक चापाला लागते आणि ओढताना ते चापाला बाजूला ढकलते. उलट, अंतर फार कमी असेल तर मोठ्या हाताच्या खेळाडूचे पेराचे सांध्याजवळचे टोक चापावर अडकते आणि पिस्तूल दुसऱ्या बाजूला ओढले जाते. म्हणजे चुकीची मूठ मोठ्या हातालाही तितकीच नडते. फक्त बाजारात मध्यम आणि मोठ्या मुठी अधिक दिसतात, म्हणून त्रास लहान हाताच्या वाट्याला जास्त येतो आणि दोषही त्यालाच लागतो.

बोट पुरत नाही असे दिसले की नवखा खेळाडू एक युक्ती करतो. तो मूठ हातात थोडी फिरवून घेतो. मग बोट चापापर्यंत पोचते खरे, पण नळी आता कोपरापासून मनगटापर्यंतच्या रेषेत राहत नाही. पिस्तुलाची पाठ बेचक्याऐवजी अंगठ्याच्या बुडावर टेकते. याची किंमत कळते ती धक्का बसतो तेव्हा.

धक्क्याचे गणित

न्यूटनचा तिसरा नियम तुम्हाला पाठ आहे. त्याचा हिशेब करून पाहा. एअर पिस्तुलाचा छरा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटतो. त्याचा संवेग ०.०७५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. पिस्तूल एक किलोचे धरले तर ते मागे येईल सेकंदाला साडेसात सेंटिमीटर वेगाने. म्हणजे मुंगीच्या चालीपेक्षा थोडे अधिक म्हणा! म्हणून शिकायला एअर पिस्तूल उत्तम.

आता २५ मीटरच्या प्रकारातले ०.२२ इंची पिस्तूल घ्या. गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३०० मीटर धरू. संवेग ०.७८. पिस्तूल १.१ किलोचे असेल तर ते मागे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७१ सेंटिमीटर. दारूच्या वायूचा संवेग धरला तर याहून थोडा अधिक. धक्का आधीच्या जवळजवळ दसपट झाला. हा धक्का नळीच्या रेषेत, सरळ मनगट-कोपराच्या रेषेवर आला तर हात तो सरळ झेलतो. पण नळी रेषेबाहेर असेल तर बल आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजे परिबल, तयार होते आणि पिस्तूल हातात वळते. या प्रकाराच्या जलद फेरीत खेळाडूला प्रत्येक गोळीसाठी तीनच सेकंद मिळतात आणि पुढच्या संधीपूर्वी सात सेकंद. प्रत्येक वेळी मूठ हातात सरकली तर ती पुन्हा बसवणार केव्हा?

याच २५ मीटर प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले. पुढे २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेतही सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या हाताचे माप किती, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, प्रश्नच चुकीचा आहे. तिची मूठ तिच्या हाताला बसते की नाही, हा खरा प्रश्न.

हलके म्हणजे सोयीचे नव्हे

लहान हाताचा विषय निघाला की दुसरी एक समजूत डोके वर काढते. "मग त्यांना हलके पिस्तूल द्या." २०१४ साली कानपूरच्या आयुध कारखान्याने 'निर्भीक' नावाचे ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे होते, आणि स्त्रियांसाठी सोयीचे म्हणून त्याची फार चर्चा झाली. स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न शस्त्राने सुटतो का, हा वेगळा आणि फार मोठा विषय आहे. मी त्यात शिरत नाही. पण 'हलके म्हणजे लहान हाताला योग्य' हा तर्क पदार्थविज्ञानाला मान्य नाही, एवढे दाखवता येते.

काडतूस तेच ठेवले आणि ७५० ग्रॅमचे हत्यार ५०० ग्रॅमचे केले असे समजा. गोळीचा संवेग बदलला नाही, म्हणून हत्याराचा मागे येण्याचा वेग दीडपट झाला. गतिज ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले दुप्पट वस्तुमान. तीही दीडपट झाली. म्हणजे ज्याचा हात लहान, त्याच्याच हातात आपण अधिक जोराने उसळणारी वस्तू दिली! खिशात ठेवायला हलके हत्यार सोयीचे असेल. नेम धरायला ते सोयीचे असेलच असे नाही. वजन ही एक गोष्ट आणि माप ही दुसरी. या दोहोंची गल्लत करू नये.

उलट, लहान चणीच्या खेळाडूला निसर्गाने एक सवलतही दिली आहे. हात आडवा धरला की पिस्तुलाचे वजन खांद्याभोवती परिबल निर्माण करते. एक किलोचे पिस्तूल खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर ते सुमारे ५.९ न्यूटन-मीटर. हात आखूड असून अंतर ५० सेंटिमीटर असेल तर ४.९. म्हणजे भार सहाव्या हिश्श्याने कमी! अर्थात लहान खांद्याची ताकदही कमी असू शकते. ती सरावाने वाढवावी लागते आणि सरावाने वाढते. हाताची हाडे मात्र सरावाने वाढत नाहीत. म्हणून जे वाढते ते खेळाडूने वाढवावे आणि जे वाढत नाही त्याच्यासाठी मूठ बदलावी, अशी सरळ वाटणी मला योग्य वाटते.

मग सर्वांना नियम सारखा कसा?

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, प्रत्येकाला वेगळी मूठ दिली तर स्पर्धा समान कशी राहिली?" प्रश्न चांगला आहे. उत्तर नियमपुस्तकातच आहे.

दहा मीटर एअर पिस्तुलात पुरुष आणि स्त्रिया यांचे अंतर सारखे, लक्ष्य सारखे, चापाचे किमान ५०० ग्रॅमही सारखेच. २०१८ पासून गोळ्यांची संख्याही दोघांना ६० झाली. पूर्वी स्त्रियांना ४० असत. पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा जास्त असू नये आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. एवढ्या मर्यादेत मूठ कशी घडवायची, याची मोकळीक प्रत्येकाला आहे. म्हणून चांगल्या पिस्तुलांच्या लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळतात. हाताच्या कडेखालची फळी स्क्रूने वरखाली सरकवता येते. चाप पुढेमागे करता येतो. इतके करूनही बोट नीट बसले नाही तर जाणते खेळाडू मूठ कानशीने घासून किंवा लाकडाच्या लांबीने भरून आपल्या हाताजोगी करून घेतात.

यातले तत्त्व नीट ध्यानात घ्या. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची आहे, ती सर्वांना सारखी. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची नाही, ती ज्याच्या त्याच्या मापाची. नेमबाजीत परीक्षा असते स्थिरतेची, नजरेची आणि मनाच्या एकाग्रतेची. तळहाताच्या रुंदीची नव्हे. परीक्षेचा पेपर सर्वांना एकच असतो, पण चष्मा ज्याचा त्याचा असतो. चष्मा लावणाऱ्याला आपण सवलत घेतली असे म्हणत नाही.

इतर खेळांनी हे केव्हाच मान्य केले आहे. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर स्त्रियांचा १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. स्त्रियांचा बास्केटबॉल एका मापाने लहान असतो. मुलांच्या बॅटी एक नंबर, दोन नंबर अशा चढत्या मापांत मिळतात आणि सात वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांची बॅट देऊन "तुला क्रिकेट जमणार नाही" असे कोणी म्हणत नाही. रायफलचेही तसेच. त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारच्या रायफलचा दस्ता, गालाची पट्टी, खांद्याची पट्टी हे सारे खेळाडूच्या शरीराप्रमाणे बसवता येते. मग पिस्तुलाच्या मुठीबद्दलच आपण कंजूष का?

'सरासरी हात' कोणाचा?

यंत्रे आणि हत्यारे घडवणारे लोक बहुतेक वेळा 'सरासरी माणूस' डोळ्यांसमोर ठेवतात. हा सरासरी माणूस कोठे राहतो? १९५० साली अमेरिकन हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडली आणि ४,०६३ वैमानिकांपैकी दहाही मापांत सरासरीच्या आसपास कितीजण बसतात ते मोजले. उत्तर काय आले असेल? शून्य! एकही नाही. त्यानंतर विमानातील आसने आणि पट्टे पुढेमागे सरकवता येतील असे करण्याकडे लक्ष वळले.

पिस्तुलाचा इतिहासही हेच सांगतो. १९११ साली अमेरिकन सैन्याने ०.४५ इंची पिस्तूल स्वीकारले. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर, १९२० च्या दशकात त्यात सुधारणा झाल्या. त्यांपैकी दोन अशा होत्या : चाप आखूड केला आणि चापामागे दोन्ही बाजूंना धातू थोडा खोलगट घासला. कशासाठी? आखूड बोटे चापापर्यंत पोचावीत म्हणून. लक्षात घ्या, तेव्हा ते वापरणारे सारे धडधाकट पुरुष सैनिक होते! २०१७ साली त्याच सैन्याने निवडलेल्या नव्या पिस्तुलाला तर लहान, मध्यम आणि मोठी अशा बदलत्या मुठी आहेत. सैन्याला जे शंभर वर्षांत उमजले, ते आपल्या शाळांना आणि क्लबांना उमजायला अवघड का पडावे?

आपल्याकडे या दिशेने काम झालेलेच नाही, असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीयांच्या शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो देबकुमार चक्रवर्ती यांनी तयार केला आहे. म्हणजे मापे उपलब्ध आहेत. प्रश्न ती वापरण्याचा आहे.

अडचण खरी आहे, पण ती हाताची नाही

मी अडचणी झाकून ठेवू इच्छित नाही. चांगली स्पर्धेची पिस्तुले बहुतेक परदेशातून येतात आणि महाग असतात. त्यामुळे नवखी मुले क्लबचे एकच पिस्तूल पाळीपाळीने वापरतात. त्याची मूठ मध्यम मापाची आणि उजव्या हाताची असते. बोटांच्या आकाराप्रमाणे कोरलेली उजवी मूठ डाव्या हातात बसतच नाही. अशा पिस्तुलावर महिनाभर सराव करून ज्या मुलीचे गुण वाढत नाहीत, तिच्याविषयी आपण काय निष्कर्ष काढतो? "हिच्यात ते नाही." हा निष्कर्ष म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचायला बसवणे आणि मग तिला निरक्षर ठरवणे होय.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. पूर्ण पिस्तूल नवे घेण्यापेक्षा एक लहान आणि एक डावी मूठ घेणे पुष्कळ स्वस्त पडते. मूठ स्क्रूने बसवलेली असते व बदलता येते. हे काम प्रशिक्षकाने किंवा जाणत्या कारागिरानेच करावे, विद्यार्थ्यांनी हत्याराला हात लावू नये. पण निदान मागणी तर करता येईल! पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला विचारा : "सर, नळी माझ्या मनगट-कोपराच्या रेषेत आहे का? माझ्या तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर येतो का? मधली, अनामिका आणि करंगळी ही तिन्ही बोटे मुठीला सारखी वेढतात का?" या तीन प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील तर मूठ तुमची आहे. मग गुण कमी पडले तर सराव वाढवा. मुठीला बोल लावू नका. शास्त्र दोन्ही बाजूंनी कापते.

करून पाहा

यासाठी पिस्तूल लागत नाही. ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्या. तिच्यावर पेनच्या आकाराचा लहान टॉर्च रबराने बांधा. पट्टीच्या खालच्या अंगाला, मध्याच्या थोडे मागे, एक रबरबँड अडकवा. हात लांब करून पट्टी धरा आणि प्रकाशाचा ठिपका तीन मीटरवरच्या भिंतीवर पाडा. आता तर्जनीने रबर सरळ मागे ओढा. ठिपका फारसा हलणार नाही. मग तोच रबर तिरका ओढा. ठिपका बाजूला पळेल. तो किती सेंटिमीटर सरकला ते मोजा आणि कोन काढा. दहा मीटरवर तेवढ्या कोनाने छरा कोठे गेला असता, ते गुणाकाराने सांगा.

दुसरा प्रयोग साऱ्या वर्गाने करायचा. प्रत्येकाने आपली तीन मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत : मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, अंगठा सोडून तळहाताची रुंदी, आणि बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंतचे अंतर. तिन्हींची सरासरी काढा. आता पाहा, तिन्ही मापांत सरासरीच्या दोन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसणारे तुमच्या वर्गात कितीजण आहेत. डॅनियल्सचा निष्कर्ष तुमच्या फळ्यावर उतरतो की नाही, ते तुम्हीच ठरवा.

दिव्याच्या शाळांतील मुलांना तर हा अभ्यास वर्गाबाहेरही करता येईल. आमच्या दिव्यात आगरी घरांतल्या आजीबाईंना विचारा : भातकापणीचा विळा विकत घेताना त्या आधी काय पाहतात? त्या मूठ धरून पाहतात. न बसणाऱ्या विळ्याने दिवसभर कापणी केली तर संध्याकाळी हाताला फोड येतात, हे त्यांना कोणत्या पुस्तकात वाचावे लागले नाही. आणि तेच गाव आज सकाळच्या लोकलला उभे राहते, तेव्हा उंचीने कमी असलेली मुलगी डब्यातले हँडल टाचा उंचावून, बोटांच्या टोकांनी धरते. गाडीला हिसका बसला की सर्वांत आधी तिची पकड सुटते. तेथे तिला कोणी "प्रवास हे तुझे काम नव्हे" असे म्हणत नाही, कारण तिला जायचेच असते. पण हँडल कोणाच्या मापाने टांगले, हा प्रश्नही फारसा कोणी विचारत नाही. तो तुम्ही विचारा. प्रयोगशाळेतील उंच टेबल, डावखुऱ्याच्या हातात न चालणारी कात्री, बसल्यावर पाय न टेकणारा बाक, या साऱ्यांना तोच प्रश्न विचारा.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. मुलाला एखादी गोष्ट जमत नाही असे दिसले, की आपण त्याच्या अंगचा गुण तपासतो. त्याआधी साधन तपासावे. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगात वाचन चुकले तर आपण पहिल्यांदा उपकरणाची शून्य-त्रुटी पाहतो. निसर्गाला दोष देत नाही. मुलांच्या बाबतीतही हाच क्रम ठेवायला हरकत कोणती? नेमबाजीच्या निवडीला मुले उभी कराल तेव्हा खिशात एक मोजपट्टी असू द्या. "तुझे हात लहान आहेत" हे वाक्य तोंडाशी आले, तर त्याच्यापुढे आणखी पाच शब्द जोडा : "म्हणून लहान मूठ आणू या." तेवढ्याने ते वाक्य पूर्ण होईल आणि शास्त्रशुद्धही होईल.